एकदाच मिळणारं मशीन

गोगाबाबा टेकडीवर सकाळी पळायला येणारी माणसं पुष्कळ. पण शेळ्यांपुढं उभं राहून इंग्रजीत भाषण ठोकणारा माणूस शिवकन्येनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

दोन हजार सहा सालचा ऑगस्ट सरत आला होता. टेकडी हिरवीगार, पायवाट निसरडी, आणि धुकं असं की खालचं विद्यापीठही दिसेना. शिवकन्या धापा टाकत वळणावर आली आणि थबकलीच. एका खडकावर एक उंच, सडपातळ मुलगा हात मागं बांधून उभा होता. मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न कसा सुटेल, हे तो समोरच्या शेळ्यांना अगदी मनापासून समजावत होता. एक शेळी मान वर करून ऐकत होती. बाकीच्या चरत होत्या.

तिला हसू आवरलं नाही.

तो दचकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण खाली उतरायचं सोडून तो म्हणाला, "ताई, घड्याळ आहे ना हातात? तीन मिनिटं झाली की हात वर करा. प्लीज."

"आन् शेळ्या मधीच उठून गेल्या तर?"

"तर मी नापास."

शिवकन्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वेळ संपल्यावर तिनं हात वर केला. त्यानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"शेळ्यांना पटलं. मला नाय पटलं. पानी अडवा, पानी अडवा म्हन्ता. पन कुठं अडवायचं ते सांगितलंच नाय."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीसुद्धा एसएसबीची तयारी करताय."

"कोन म्हन्लं?"

"तीन मिनिटं म्हटल्यावर 'कशाची' असं तुम्ही विचारलंच नाही."

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती. ती वळली आणि उतारावरून पळत सुटली. मागून आवाज आला— "श्रीनिवास! नाव श्रीनिवास!" तिनं मागं पाहिलं नाही. पण खालच्या फाटकापर्यंत ती उगीचच हसत होती.

शिवकन्या करमाडच्या पुंजाराम शेजुळांची धाकटी. चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारं विमान त्यांच्या शेतावरून इतकं खालून जायचं की त्याची चाकं दिसायची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचला अर्ज केला, आणि औरंगाबाद शहरात मावशीकडं राहून तयारीला लागली. घरून विरोध नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला कधी कधी वाटायचं. कारण आप्पांनी— तिच्या वडिलांनी— साऱ्या करमाडला सांगून ठेवलं होतं की आपली पोर विमान चालवणार. आठवडी बाजारात लोक त्यांना "काय पायलटचे वडील!" म्हणून हाक मारायचे आणि आप्पा खुशाल ओ द्यायचे. ते ऐकलं की शिवकन्या तिथून काढता पाय घ्यायची.

त्यात ते मशीन. पायलट व्हायचं तर एसएसबीच्या, म्हणजे अफसर निवडणाऱ्या, बोर्डावर एका यंत्रावर बसवून परीक्षा घेतात. हात, पाय, डोळे, कान, सगळे एकदम चालतात का ते पाहायला. ही परीक्षा जन्मात एकदाच. नापास झालं की पायलटचं दार कायमचं बंद. पुन्हा अर्ज नाही, पुन्हा संधी नाही. रात्री पाठ टेकली की तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहायचा. एकदाच.

त्याच आठवड्यात ती पडेगावच्या घावटे सरांच्या क्लासला गेली. सर फौजेतले निवृत्त कॅप्टन. स्वतःच्या पडीक रानात त्यांनी बोर्डावर असतात तसे खांब, दोर आणि फळ्यांचे अडथळे उभे केले होते. शिवकन्या ओळीत उभी राहिली, शेजारी पाहिलं, तर श्रीनिवास.

"ताई म्हन्लास ना मला?" ती पुटपुटली.

"धुक्यात म्हणालो होतो," तो समोर बघत म्हणाला. "धुक्यातलं धरायचं नसतं."

श्रीनिवास धर्माधिकारी पैठणचा. वडील नव्हते, आई, यमुनाबाई, शाळेत शिकवायच्या. तो फौजेच्या बोर्डासाठी तयारी करत होता आणि वयाच्या हिशेबानं त्याची ही शेवटचीच खेप होती. हे तो हसत सांगायचा, पण सांगताना अंगठ्यानं बोटांची पेरं दाबत राहायचा. शिवकन्येनं ते पाहून ठेवलं होतं.

तिची अडचण वेगळी होती. दोरावर ती माकडासारखी चढायची, गणितात सगळ्यांच्या पुढं असायची; पण आठ-दहाजण गोल बसून चर्चा सुरू झाली की तिचं तोंडच उघडायचं नाही. तिचं वाक्य मनात जुळेपर्यंत दुसरा कुणीतरी तेच बोलून मोकळा व्हायचा.

"त्या शेळ्यांपुढं तू कशी फटकन बोललीस?" एकदा श्रीनिवासनं विचारलं.

"शेळ्या मधी तोंड घालत नाहीत."

"मग तूच घाल की मधे तोंड. मी बोलत असलो की मला तोड. मी चिडणार नाही."

"खरंच?"

"चिडलो तर चहा माझा."

पुढच्या चर्चेत तिनं त्याला तोडलं. आवाज चिरकला, इंग्रजी अडखळलं, आणि वाक्य मधेच तुटलं. तरी तो थांबला, तिच्याकडं वळून ऐकत राहिला… जणू तिच्याशिवाय तिथं दुसरं कुणी नव्हतंच. त्या दिवशी चहा तिनं पाजला.  टपरीच्या पत्र्यावर भुरभुर पाऊस वाजत होता, आणि आपण याच्याकडं किती वेळ बघतोय, हे लक्षात आल्यावर शिवकन्या घाईनं कपात बघू लागली.

मग तो कमांड टास्कचा दिवस. एकजण कमांडर, त्यानं दोघांना निवडायचं आणि त्यांच्याकडून अडथळा पार करवून घ्यायचा. सरांनी शिवकन्येला पुढं काढलं. तिनं श्रीनिवासला आणि बद्रीनाथला बोलावलं. बद्रीनाथ सोयगावचा, गावभर ओळखी असलेला, तोंडाचा सैल, मनाचा साफ.

पाऊस थांबून थोडाच वेळ झाला होता. फळी ओली होती. शिवकन्येनं दोर आवळला, लाकडी बल्ली टेकवली, स्वतः पलीकडच्या खांबावर चढली आणि म्हणाली, "श्रीनिवास, तू आधी."

तो अर्ध्या वाटेवर पोचला आणि त्याचा पाय सटकला. लगेच सावरला असता. पण तो सावरायचं सोडून सटकलेल्या पायाकडंच बघत राहिला. चेहरा पांढराफटक. शिवकन्येनं एका हातानं खांब धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट पकडलं.

"माझ्याकडं बघ," ती ओरडली. "खाली नको. माझ्याकडं!"

त्यानं पाहिलं. तो सावकाश पुढं आला, खांबापाशी टेकला. मनगट मात्र तिच्या हातात तसंच राहिलं… आणि त्याच्या नाडीचे ठोके तिला बोटांखाली लागत राहिले. सर खालून खाकरले तेव्हा कुठं तिनं हात सोडला.

घरी जाताना बद्रीनाथ तिच्यासोबत बसस्टॉपपर्यंत आला. "तू त्याला लई बरोबर सांभाळलं. मैसूरपास्नं तो असाच झालाय ना."

"मैसूर?"

"तुला नाय माहीत? अरे यार! तो बी पायलटसाठीच गेल्ता. दोन वर्षं झाली. त्याचं मशीन गेलं ना! तवाच आर्मीकडं वळला."

समोर आलेली बस शिवकन्येनं तशीच जाऊ दिली. ती रोज त्याच्यापुढं मशीनची भीती बोलून दाखवायची. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, विषय बदलायचा. ज्यानं ते मशीन खरोखर पाहिलं होतं असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला टपरीवरच गाठलं. "तू मैसूरला गेल्ता?"

त्याचा कप ओठांपाशीच थांबला. "हो."

"आन् मला सांगितलं नाय."

"त्यावर मी बोलत नाही, शिवकन्या."

"मला एकच चान्स हाय! रात्र रात्र झोप नाय मला. आन् तू… तू निस्ता बघत बसलास. काहून? मी बी नापास व्हावं म्हनून?"

हे बोलल्याक्षणीच तिला कळलं की आपण फार पुढं गेलो. श्रीनिवासनं कप खाली ठेवला. चहाचे पैसे टाकून तो निघून गेला.

त्यानंतर तो क्लासला आला नाही. शिवकन्या रोज ओळीत उभी राहून शेजारची रिकामी जागा बघायची. तिच्या बोर्डाचं बोलावणं आलं. डेहराडून. मावशीनं पेढे आणले, आप्पांनी करमाडला वाटले म्हणे. तिनं आपला पेढा तसाच डब्यात परत ठेवला. आनंदाची बातमी ज्याला सगळ्यात आधी सांगावी असा माणूस मनात होता, आणि त्यालाच आपण तोडून बोललो होतो.

अखेर तोच आला. एका दुपारी मावशीच्या दारात उभा राहिला, मावशीला नमस्कार केला आणि म्हणाला, "हिला जरा सोनेरी महालापर्यंत नेऊ का? तासाभरात आणून सोडतो." मावशीनं आधी त्याच्याकडं, मग भाचीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पावसाच्या आत या."

महालाच्या पायऱ्यांवर दोघं बसले. मागं डोंगर, वर भरून आलेलं आभाळ. 

"माझी भीती तुला लागेल असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून बोललो नाही. खोटं नाही सांगत. आणि… लाज वाटत होती. तेही आहे."

"मी तसं बोलायला नको व्हतं."

"ऐक आधी. पडद्यावर एक ठिपका असतो. तो वर्तुळात ठेवायचा. हातात दांडा, पायाखाली पेडल. मधेच दिवे लागतात, आवाज होतात, त्यांच्यासाठी वेगळे खटके. मला जमत होतं, शिवकन्या. चांगलं जमत होतं. मग एकदा ठिपका बाहेर गेला. आणि मी त्या चुकीकडंच बघत बसलो— कशी झाली, का झाली… तेवढ्यात दिवे लागून गेले, आवाज होऊन गेले. एका चुकीनं कुणी नापास होत नाही. मी तिच्यापाशी थांबलो म्हणून झालो."

तिला ओल्या फळीवरचा त्याचा पांढराफटक चेहरा आठवला.

"चूक झाली की सोडून दे. तिथंच," तो म्हणाला. "एवढंच. माझ्याकडं याच्यापेक्षा जास्त काही नाही."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हे सांगणं त्याला किती जड गेलं असेल… तिचे डोळे भरून आले. "मला बोलावनं आलंय. डेहराडूनला," ती कशीबशी म्हणाली.

"मलाही. भोपाळ." तो पहिल्यांदा हसला. "तारखा जवळजवळच्या आहेत. तू सचखंड एक्सप्रेसनं जाशील ना? भोपाळ वाटेतच लागतं."

औरंगाबाद स्टेशनवर पुंजाराम आप्पा लेकीला सोडायला आले होते. श्रीनिवास त्याच डब्यात, पण लांबच्या बाकावर जाऊन बसला. गाडी सुटल्यावर मगच जवळ आला. मनमाडला गुरुद्वाऱ्याच्या सेवेकऱ्यांनी डब्यात लंगरची पोळी-भाजी वाढली. शिवकन्या नुसती पोळीचे तुकडे करत बसली.

"खा," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी भीती जास्त लागते."

"तुला नाय वाटत भीती?"

"वाटते. म्हणून तर दोन पोळ्या जास्त घेतल्या."

ती हसली. सूर्य कलला, खिडकीतून वारा येऊ लागला. दोघंही प्रश्नोत्तरं करत राहिले. बातम्या, शेजारी देश, विमानांची नावं. मधेच तो बोलायचा थांबला. काहीतरी सांगायचं आहे, असं त्याच्या डोळ्यांत आलं… "काय?" तिनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

सकाळी तिला जाग आली तेव्हा भोपाळ केव्हाच मागं पडलं होतं. समोरचा बर्थ रिकामा. तिच्या अंगावर त्याची चादर होती. शिवकन्येला आधी राग आला. इतका राग, की ग्वाल्हेर येऊन गेलं तरी तो उतरेना. उठवलं असतं तर काय बिघडलं असतं? निदान "जातो" एवढं तरी…

बोर्डावर पोचताच मोबाइल जमा करून घेतले. आता कुणाचा आधार नव्हता. पहिल्या चाळणीतून ती पार पडली आणि मशीनची वेळ आली. ती खुर्चीत बसली. ठिपका हलायला लागला. हात, पाय, डोळे… जमतंय, जमतंय— आणि तो सुळकन बाहेर गेला.  त्याच क्षणी लाल दिवा लागला.

झाली चूक. सोड.

तिनं खटका दाबला. ठिपका पुन्हा आत घेतला. तो नंतरही बाहेर गेला, कितीदा ते तिनं मोजलं नाही. खोलीतून बाहेर आली तेव्हा कपडे घामानं चिंब होते. दुपारी निकाल वाचला. पास झालेल्यांत तिचा नंबर होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि लहान मुलीसारखी रडली.

पण बोर्ड म्हणजे नुसतं मशीन नव्हे. दिल्ली-चंदीगडच्या पोरी चर्चेत अशा तुटून पडायच्या की तिची दोन वाक्यं आत गेली, तिसरं घशातच राहिलं. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर पुकारले. तिचा नव्हता.

फोन हातात आला तेव्हा आधी आप्पांना लावायला हवा होता. बोटांनी दुसराच नंबर दाबला.

"मशीन पास झाले," ती म्हणाली. "बोर्ड नाय झाला."

 पलीकडून श्रीनिवासचा आवाज आला, ओला, घाईचा. "मशीन पास झालीस? शिवकन्या, दार उघडं आहे! कळतंय का तुला? पुन्हा जाता येईल!"

"तुझं काय झालं?"

"तू ये आधी. कोणत्या गाडीनं येतेस?"

त्यानं सांगितलं नाही, म्हणजे त्याचंही गेलं. त्याची तर शेवटची खेप. परतीच्या वाटेवर तिला स्वतःपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत राहिलं. आप्पांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ये बाई. ठेसनावर येतो मी."  बरोबर गाव घेऊन आले तर? काय तोंड दाखवायचं?

सकाळी गाडी मनमाडला थांबली. खिडकीपाशी कुणीतरी उभं होतं. श्रीनिवास. वर चढून तो तिच्यासमोर येऊन बसला.

"तू इथं?"

"औरंगाबादला तुझे आप्पा असतील. तिथं बोलता आलं नसतं."

गाडी हलली. ती म्हणाली, "भोपाळला उठवलं नाहीस."

"उठवलं असतं तर बोललो असतो. ते डोक्यात घेऊन तू मशीनवर बसली असतीस."

"मग आता बोल."

"लासूर स्टेशन जाऊ दे."

"लासूर काहून?"

"धीर गोळा करतोय…"

ती हसली नाही. "आधी तुझं सांग. खरं खरं."

त्यानं मान खाली घातली. "घेतलं मला. मेडिकलही पार पडेल बहुतेक. मग ट्रेनिंगला चेन्नई."

 शिवकन्येनं त्याच्या दंडावर जोरात एक चापट मारली. शेजारची म्हातारी चमकली. "आन् हे तू दाबून ठेवलंस? मी रडतेय म्हनून तू हसायचं नाय? मी काय काचेची हाय का?"

"नाही. चुकलोच."

"आता हस."

तो हसला, आणि त्याला हसताना पाहून तिला रडू आलं, आणि मग ती रडता रडता हसायला लागली. लासूर कधी मागं पडलं ते कळलंच नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. अगदी साधं, हळू. "पास-नापास धरून नाही. नुसतीच… तू. आईला सांगून आलोय. ती म्हणाली, मुलगी वर उडणार आणि तू जमिनीवर राहणार, चालेल का तुला?"

"आन् तू काय म्हन्ला?"

"चालेल म्हणालो. थोडं दुखेल, तेही म्हणालो."

त्या 'थोडं दुखेल'नं शिवकन्येचा उरलासुरला धीर सुटला. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. खरं बोलणारा असा समोर येऊन बसत नाही. दौलताबादचा किल्ला खिडकीत आला तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता, आणि या खेपेला खाकरायला तिथं कुणी नव्हतं.

"पुढच्या अर्जाची तयारी उद्याच," ती म्हणाली. "आन् तू चेन्नईहून रोज फोनवर माझ्याशी भांडायचं. मधी मधी तोडायचं मला."

"रोज?"

"रोज."

औरंगाबादच्या फलाटावर आप्पा एकटेच उभे होते. गाव नव्हतं, हार नव्हता. लेक उतरली तसं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मशीन झालं म्हन्तेस?"

"व्हय आप्पा. पन बोर्ड…"

"मग परत जायचं. गावाला मी सांगतो, लेक एक डोंगर चढली, दुसरा बाकी हाय." मग त्यांची नजर तिच्या मागं गेली. "हे कोन?"

श्रीनिवास पुढं होऊन काही बोलणार, तेवढ्यात शिवकन्येनं त्याला तोडलं.

"हा श्रीनिवास. पैठनचा. फौजेत अफसर म्हनून निवडलाय. मशीन माझं झालं ते यानं सांगितलं म्हनून झालं. आन् आप्पा… मला हा आवडतो. मी पायलट होनार, मग आम्ही लग्न करनार. घाई नाय. पन ठरलंय."

माणसं, हमाल, चहावाले वाहत होते. तिचा आवाज एकदाही चिरकला नव्हता. श्रीनिवास 'लग्न' या शब्दापाशीच अडकून तोंड उघडं ठेवून उभा होता.

पुंजाराम आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग लेकीकडं वळले.  

"तिथल्या सायबांपुढं येवढं बोलली असतीस ना," आप्पा म्हणाले, "तर घेतलं असतं की गं तुला!"